लेख जपला, पण कोणाच्या घरात?

आपल्या घरांत आता वाचायला काही कमी नाही. कमी पडतो तो निवांतपणा, आणि आवडलेले जपून ठेवण्याची सोय. सकाळी कोणी शिष्यवृत्तीची माहिती पाठवतो, दुपारी बहीण मधुमेहावरचा डॉक्टरांचा लेख पाठवते, रात्री एखादा उर्दू अफसाना येतो. आपण 'नंतर वाचू' म्हणतो आणि तो लेख शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो. महिनाभराने आठवण येते, तेव्हा कधी संदेश सापडत नाही, तर कधी संदेश सापडतो पण दुवा उघडत नाही.

दुवा न उघडणे ही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपण ज्याला ग्रंथालय समजतो, त्यातली पुस्तके कोणी न सांगता उचलून नेत असते.

यावर उपाय म्हणून 'नंतर वाचा' प्रकारच्या सेवा निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली 'पॉकेट'. २००७ मध्ये ती 'रीड इट लेटर' या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ती घेतली. लेख दिसला की बटण दाबायचे. जाहिराती बाजूला सारून नुसता मजकूर साठवला जाई, आणि कोबो कंपनीच्या ई-रीडरवर तो आपोआप उतरे. ही पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झाली. लोकांना आपली यादी उतरवून घ्यायला काही महिन्यांची मुदत मिळाली, पण त्या यादीत दुवे आणि शीर्षके होती, लेखांचा मजकूर नव्हता. ज्यांचे मूळ पान आधीच नाहीसे झाले होते, ते लेख कायमचे गेले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये 'ऑम्निव्होर' ही अशीच फुकट सेवा बंद पडली होती.

यात कोणी फसवले असे नाही. दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या अमानतीला त्या घराच्या मालकाची सोय-गैरसोय लागू होते, एवढेच. म्हणून प्रश्न 'कोणते अॅप चांगले' हा नसून 'लेख कोणाच्या घरात राहतो' हा आहे.

लिहिलेले आपल्या हाताशी राहिले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या नगरच्या किल्ल्यातच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर मौलाना अबुल कलाम आझाद यांना येथे ठेवले होते. येथून त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात टाकता येत नव्हती, म्हणून जवळच राहिली. सुटकेनंतर १९४६ मध्ये तीच पत्रे 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली आणि आजही उर्दू वाचणाऱ्या घरांत सापडतात.

आता आपल्या काळाकडे वळू. लेख आपल्याच घरी ठेवण्यासाठी स्वतःचा छोटा 'सर्व्हर' लागतो. शब्दाला घाबरू नये. सर्व्हर म्हणजे जो संगणक चालू राहतो आणि घरातल्या इतर उपकरणांना मागतील ती पाने देतो. मुलांनी टाकून दिलेला जुना लॅपटॉप या कामाला पुरतो. त्यावर पुढीलपैकी एक मोफत, मुक्त सॉफ्टवेअर बसवायचे.

पहिले 'रीडेक'. ही एकच फाइल असते. ती चालवली की ब्राउझरमध्ये आपले लेखालय उघडते. कामाचा दुवा दिला की रीडेक मजकूर आणि चित्रे तिथेच साठवते. मूळ पान उद्या नाहीसे झाले तरी आपली प्रत राहते. विषयवार संग्रह करता येतात: 'दहावी', 'आरोग्य', 'अम्मीसाठी'. अख्खा संग्रह एका ई-पुस्तकासारखा उतरवता येतो.

दुसरे 'वॉलाबॅग'. हे २०१३ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाले. त्याचे पहिले नाव 'पोश' होते. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खिसा. पॉकेटवाल्यांनी नावाला हरकत घेतली, म्हणून पिशवी असलेल्या वॉलबी या प्राण्यावरून नवे नाव घेतले. आज पॉकेट नाही, वॉलाबॅग आहे. त्याचा कोड सर्वांसाठी खुला असल्याने मूळ माणसाने काम सोडले तरी दुसरे ते चालू ठेवू शकतात. मात्र ते बसवायला रीडेकपेक्षा जास्त माहिती लागते. घरात संगणक शिकणारा भाचा किंवा मुलगी असेल तर सुटीतला चांगला उद्योग होईल.

तिसरे 'कॅलिबर'. हे कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केले. याला सर्व्हर लागत नाही, साध्या संगणकावर चालते. ई-पुस्तकांचे कपाट सांभाळणे, एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणे, ठरावीक वृत्तपत्रांचे लेख गोळा करून त्यांचे पुस्तक बांधणे, ही कामे ते करते. ज्यांना सर्व्हरची झंझट नको, त्यांनी येथूनच सुरुवात करावी.

हे लेख ई-रीडरवर का वाचावेत? ई-रीडरच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. पान बदलतानाच वीज खर्च होते, म्हणून एकदा चार्ज केले की कित्येक दिवस चालते. गावाकडे वीज गेली तरी वाचन थांबत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे चाळिशी ओलांडलेल्यांना वेगळे सांगायला नको. आणि वाचता वाचता वरून संदेश टपकत नाही. मुलांच्या वाचनासाठी मला हाच गुण सर्वांत मोठा वाटतो. वर्गात पाहते, मुले वाचायला कंटाळत नाहीत, मध्येच कोणी हाक मारली की तुटतात. फोन दर मिनिटाला हाक मारतो.

किंडल असेल तर 'ईपब' प्रकारची फाइल अॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीने पाठवता येते, किंवा कॅलिबरमधून बदलून केबलने चढवता येते. कोबो किंवा पॉकेटबुक असेल तर त्यावर 'केओरीडर' हे मोफत वाचन-सॉफ्टवेअर बसते, आणि ते वॉलाबॅगमधले लेख थेट उतरवते. ई-रीडर घेणे परवडत नसेल तर केओरीडर जुन्या अँड्रॉइड फोनवरही चालते. सिम काढलेला असा फोन घरात फक्त वाचनासाठी ठेवावा.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना. अनेक उर्दू वृत्तपत्रांची पाने इंटरनेटवर चित्राच्या रूपात असतात. चित्रातला मजकूर ही साधने उचलू शकत नाहीत, मराठी ई-पेपरचेही तेच. लेख युनिकोडमध्ये असावा लागतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बोटाने शब्द निवडता आला पाहिजे. दुसरे, नस्तालीक वळण प्रत्येक यंत्रावर नीट उमटत नाही. केओरीडरमध्ये आपला फॉन्ट टाकता येतो. गुगलचा मोफत 'नोटो नस्तालीक उर्दू' टाकून आधी एक लेख वाचून पाहावा, मग पन्नास साठवावेत.

काही पथ्येही आहेत. सर्व्हर घरच्या वायफायपुरताच ठेवावा, नीट माहिती नसताना बाहेरच्या इंटरनेटला उघडू नये. महिन्यातून एकदा सगळी प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, कारण घरचा लॅपटॉपही एक दिवस बंद पडणारच. आणि साठवलेली प्रत स्वतःच्या वाचनासाठी आहे, शंभर गटांत वाटण्यासाठी नाही. जो लेख आवडला त्याचा मूळ दुवा पाठवावा, आणि जे नियतकालिक नेहमी वाचतो त्याची वर्गणी भरावी. लिहिणाऱ्याचा हक्क राहिला तरच पुढचा लेख येईल.

सुरुवात लहान करावी. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने आपल्या फोनमधला एक लेख निवडावा: आजोबांचा एक, सुनेचा एक, नववीतल्या मुलाचा एक. ते कॅलिबर किंवा रीडेकमध्ये साठवून त्यांचे एक पुस्तक करावे आणि आठवडाभर ते ई-रीडर किंवा जुना फोन जेवणाच्या खोलीत राहू द्यावा. पुढच्या रविवारी कोणी कोणाचा लेख वाचला, ते एकमेकांना विचारावे.