दाबातून वीज, विजेतून कान

सकाळी शेगडी पेटवताना आपण लायटरचा खटका दाबतो आणि ठिणगी उडते. पुष्कळ लायटरांत सेल नसतो. मग वीज येते कोठून? आतली लहानशी हातोडी एका खास तुकड्यावर आदळते आणि त्या दाबातूनच वीज उपजते. या गुणाला 'दाबविद्युत्' म्हणतात. प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी तो १८८० साली दाखवून दिला. पुढच्याच वर्षी त्याची उलट बाजूही सिद्ध झाली: वीज दिली की असा स्फटिक आकसतो, फुगतो.

असे का होते? आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटीचे स्फटिक सापडतात. त्यांचे आणि तळेगावच्या पैसा फंड कारखान्यातील काचेचे मुख्य द्रव्य एकच, सिलिका. पण स्फटिकातील अणू ठराविक रचनेत बसलेले असतात. दाबले की धन व ऋण भार बाजूला सरतात. काचेत ती शिस्त नाही, म्हणून हा गुणही नाही. उद्योगात बहुधा शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांची भाजलेली चकती वापरतात. तिचे कण आधी चहूकडे तोंडे करून असतात. जोरदार विद्युत्‌दाबाने त्यांना एका दिशेला वळवावे लागते. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको!

आता आपल्या बोरघाटाकडे वळू. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे. रुळाच्या पोटातील भेग डोळ्यांना दिसत नाही. ती शोधण्यासाठी रेल्वेत अशीच चकती रुळावरून फिरवतात. विजेने ती सेकंदाला वीस ते चाळीस लाख वेळा कंप पावते. नाद पोलादात शिरतो, भेगेवर आपटून परततो आणि तीच चकती त्याची पुन्हा वीज करते. पोलादात हा नाद सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या वीस दशलक्षांशांत परतला, तर भेग सुमारे ५९ मिलिमीटर खोल आहे असे समजावे.

मात्र चकती आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा थर हवा. हवेची फट राहिली की नाद आत शिरतच नाही. पडद्यावरची खूण भेगेची की बोल्टाच्या भोकाची, हे ओळखायला शिकलेला माणूस हवा. उन्हापावसात मैलोगणती चालणाऱ्या त्या कामगाराला पुरते शिक्षण, पुरता वेळ आणि विसावा द्या. नाहीतर चकतीने ऐकलेली भेग वहीत उतरणार नाही, आणि वरून भरलेली गाडी जाईल.