‘टक्कल व्हायरस’ नव्हताच. मग केस गळाले कशाने?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांतून एकच तक्रार येऊ लागली. आधी डोक्याला खाज, मग हात लावताच केस हातात आणि तीन-चार दिवसांत टक्कल. यात महिला होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, लहान मुलेही होती. सोशल मीडियाने लगेच ‘टक्कल व्हायरस’ असे बारसे केले. ठरलेली लग्ने मोडल्याच्याही बातम्या आल्या.

पहिला संशय शाम्पूवर गेला. मग पाण्यावर, कारण हा खारपाणपट्टा आणि पाण्यात नायट्रेट जास्त आढळले होते. मग बुरशीवर. आयसीएमआरच्या पथकाने रक्त, लघवी, केस यांचे नमुने घेतले, तेव्हा रक्तात सेलेनियम वाढलेले दिसले. महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे शोध घेतला. त्यांच्या मते दोष रेशनवर आलेल्या पंजाबच्या गव्हाचा होता. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद आहे.

गहू धुतला तरी?

बावस्कर यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. धुतलेल्या गव्हात १३.६१. म्हणजे धुण्याने फारसे काही गेले नाही. ते दाण्याच्या आतच होते. साधा हिशेब करा. दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या तर सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. मोठ्या माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि वरची सुरक्षित मर्यादा ४००.

केस आणि नखे केराटिन या प्रथिनाची बनतात. त्यांना बळकटी देतात ती गंधकाची बंधने. सेलेनियम हे रसायनशास्त्रात गंधकाचे सख्खे भावंड. जास्त झाले की गंधकाची जागा बळकावते आणि केस कमकुवत होतो. एप्रिल २०२५ मध्ये याच भागात काहींची नखेही गळू लागली, ती विनाकारण नव्हे. अमेरिकेत २००८ मध्ये एका पोषण-औषधात चुकून प्रचंड सेलेनियम पडले, तेव्हाही २०१ जणांना त्रास झाला आणि बहुतेकांचे केस गेले. यावर वेगळा उतारा नाही. स्रोत बंद करायचा आणि वाट पाहायची. शेगावमध्ये अनेकांचे केस पुन्हा उगवले.

तुमचे केस गळत असतील तर

दिवसाला ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक आहे. त्याहून जास्त गळत असतील तर डॉक्टर आधी ‘कधीपासून आणि कसे’ हे विचारतात. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी भराभर केस गळतात. हा प्रकार सर्वाधिक घाबरवतो आणि सर्वाधिक वेळा आपोआप थांबतो, साधारण सहा महिन्यांत. तोवर विकलेल्या प्रत्येक तेलाला मात्र श्रेय मिळून जाते!

कपाळ मागे सरकणे किंवा भांग रुंदावणे हे वर्षानुवर्षे चालते. त्यामागे आनुवंशिकता आणि हार्मोन असतात. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि तुटलेले केस दिसले तर बुरशी असू शकते. तिथे नुसते मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

तपासण्या फार महाग नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड. गरज पडली तर डोक्याच्या त्वचेचा बारीक तुकडा काढून बायोप्सी. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, थायरॉइड असेल तर त्याचे औषध. आनुवंशिक टकलावर मिनोक्सिडिल चालते, पण परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध बंद केले की फायदाही ओसरतो. फिनास्टेराइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गर्भवतींनी तर मुळीच नाही. चाईवर चट्ट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. शेजाऱ्याला लागू पडलेले औषध तुमच्या केसांना लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच.

फुलसावंगीसारख्या गावातून सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. तिथे निदान झाले नाही तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग गाठावा. आणि एकाच वेळी दोन-तीन घरांत केस गळू लागले, तर शाम्पू बदलत बसू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला किंवा आशाताईंना कळवा. घरात चालू असलेला गहू, तांदूळ वापरणे थांबवा, पण फेकू नका. मूठभर पिशवीत बांधून ठेवा. तपासायला तोच लागतो.