तोटी कुणी बदलायची?

भाड्याच्या घरातील नळाची तोटी गळू लागली तर ती बदलायची कुणी, भाडेकरूने की घरमालकाने? प्रश्न अगदीच किरकोळ वाटतो. चळवळीच्या वर्तमानपत्राने त्यासाठी जागा खर्च करावी काय, असेही कुणी विचारील. परंतु आपल्या समाजातल्या माणसाला भाड्याची खोली कशी मिळते हे ज्याला ठाऊक आहे, तो हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही.

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. एसटीचे आगार असलेल्या अशा गावात बदलीवर आलेला वाहक, शिक्षक, परिचारिका सामान टेकवायला खोली शोधत फिरतात. घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय म्हणालात?" हा असतो. आडनाव ऐकले की मोकळी असलेली खोली एकाएकी पाहुण्यांसाठी राखीव होते. चार दारे फिरून पाचव्या दारी खोली मिळालेला माणूस मग पावसाळ्यात कवेलूतून पाणी गळाले तरी गप्प राहतो. टिनावर डांबर स्वतःच लावतो, मोरीचा पाइप स्वतःच्या पैशाने बसवतो. तक्रार केली तर खोली जाईल आणि खोली गेली तर पुन्हा आडनावापासून सुरुवात! हा खर्च दुरुस्तीचा नाही, जातीचा आहे.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले, हे आपण दरवर्षी सभांमधून सांगतो. सांगितलेच पाहिजे. पण आपल्याच शेजारच्या भाडेकरूकडे भाड्याची पावती आहे काय, करारनामा आहे काय, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यापूर्वी विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश चालत असे. नव्या कायद्याचे कलम १४ सांगते की, भाडेकरूशी वेगळा करार झाला नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. मात्र वर्षभरात ही कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. समजा भाडे महिना २००० रुपये आहे, तर वर्षाचे झाले २४०००, म्हणजे कपात फार तर ६०००. खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण या कलमान्वये हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा धरला जातो. वचपा काढण्यासाठी मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे. भाड्याची पावती देणे कलम ३१ ने बंधनकारक केले आहे.

इथवर वाचून तळेगावचा भाडेकरू खूश होईल, पण त्याने थांबावे. हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. ग्रामपंचायतीच्या गावात राहणाऱ्याने तो आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये. जिथे तो नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उरतो. त्याचे कलम १०८ म्हणते की, मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती त्याने नोटीस देऊनही वेळेत केली नाही, तर भाडेकरूने करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. पण बंधनकारक कोणती? ते ठरते करारावरून. त्या कलमाच्या सुरुवातीलाच "करार किंवा स्थानिक रूढी" विरुद्ध नसेल तर, अशी अट आहे. रूढी हा शब्द आपल्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. गावाची रूढी कुणाच्या बाजूने बोलते तेही आपण जाणतो. म्हणून शहरातल्या भाडेकरूपेक्षा खेड्यातल्या भाडेकरूला कागदाची गरज जास्त आहे, आणि नेमका त्याच्याकडेच कागद नसतो.

करारात काय लिहावे? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात एक यादी आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण यादी करारात उतरवून घ्यायला कुणाची मनाई नाही. भिंती-छताची दुरुस्ती, चुना आणि दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे, विजेची वायरिंग हे मालकाकडे. तोटी आणि तिचा वायसर, नाली साफ करणे, बटणे आणि सॉकेट, कड्या-कुलपे, फुटलेली काच हे भाडेकरूकडे. म्हणजे तोटी आपणच बदलायची! त्याचे वाईट वाटून घेऊ नये. दहा-वीस रुपयांच्या वायसरसाठी मालकाच्या दाराशी जाणे शोभत नाही. भिंतीतला पाइप सडला असेल तर मात्र तो आपला नाही.

आपल्या विदर्भासाठी या यादीत एक ओळ वाढवली पाहिजे, कुलरची. एप्रिल-मे महिन्यात कुलर ही चैन नाही. जुन्या बारीक वायरवर कुलर चालला की वायर तापते, बोर्ड जळतो आणि दोष भाडेकरूवर येतो. खोली घेतानाच "कुलर चालेल अशी वायरिंग मालकाने करून द्यावी" असे लिहून घ्यावे. कवेलूचे घर असेल तर मिरगाच्या आधी कवेलू कुणी फेरायचे तेही लिहावे. खोलीत पाय ठेवताना भिंती, संडास, बोर्ड यांचे मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवावेत.

भाडेकरूचीही जबाबदारी आहे. १८८२ च्या कायद्याप्रमाणे वापराने होणारी झीज सोडून जागा जशी घेतली तशी परत द्यावी लागते. आपल्या हातून मोडतोड झाली आणि मालकाने नोटीस दिली, तर तीन महिन्यांत भरून द्यावी लागते.

आता थोडे कटू. बाबासाहेबांच्या पुण्याईने नोकरीला लागलेल्या आपल्यातल्या अनेकांनी घरे बांधली, वर दोन खोल्या काढल्या आणि भाडेकरू ठेवले. यातले किती जण पावती देतात? किती जण करारनामा करतात? "आपल्याच माणसाला काय लिहून द्यायचे" म्हणत अनामत रक्कम तोंडी घेतली जाते आणि खोली सोडताना रंगाच्या नावाखाली गिळली जाते. जातीमुळे दुसरीकडे खोली मिळत नाही म्हणून आपल्या दारी आलेल्या माणसाच्या नाइलाजाचे हे भाडे झाले.

जात पाहून खोली नाकारणे हा वेगळा मामला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेच्या वापरास अडथळा करणे हा गुन्हा ठरवला आहे. पुरावा मिळणे कठीण, कारण मालक नकाराचे खरे कारण बोलत नाही. पण खोली मिळाल्यानंतरचा कागद तरी आपल्या हातात आहे. विहारात रविवारी जमणाऱ्या कार्यकर्त्यांनी एका पानाचा करारनाम्याचा नमुना, त्याखाली दुरुस्तीची यादी आणि पाठीमागे १५ दिवसांच्या नोटिशीचा मसुदा, एवढे छापून ठेवले तर झेरॉक्सचा खर्च तो काय येईल?