उसवून पुन्हा शिवणारं मशीन

घरच्या शिलाई मशीनवर नवे कपडे शिवतात, असं मशीन विकणारे सांगत आले आणि आपणही ते मानत आलो. मराठी घरातल्या काळ्या मशीनचा बहुतेक वेळ मात्र जुन्या कपड्यांत गेला. शाळेच्या स्कर्टची दुमड सोडून दोन बोटं उंची वाढवायची. थोरल्याची पँट धाकट्याच्या मापाची करायची. विटलेल्या साडीचा परकर, परकराचं दुपटं, दुपट्याचं पायपुसणं. बाळंतपणानंतर दंडात रुतणाऱ्या ब्लाउजची शिवण उसवून आत ठेवलेली माया बाहेर काढायची. नव्या कापडाला कात्री लावायला धीर लागतो, तो रोज होत नाही. जुन्याची दुरुस्ती मात्र दुपारची भांडी आवरली की सुरू करता येते.

या दुरुस्तीचं मर्म मशीनच्या टाक्यातच आहे. तांदळाच्या पोत्याचं तोंड नीट जागी कापून एक दोरा ओढला की सरसर उघडतं, कारण तो साखळीचा टाका असतो, एकाच दोऱ्याचा. घरच्या मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. वरचा दोरा रिळातून सुईत येतो, खालचा बॉबिनमध्ये गुंडाळलेला असतो. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या अणकुचीदार टोकाशी. ही सुई कापडातून खाली जाते आणि जराशी वर यायला लागली की तिच्या दोऱ्याचा बारीक फास सुटतो. तेवढ्यात शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या डबीभोवती फिरवून आणतं. वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. टीप एके ठिकाणी तुटली तरी सगळी शिवण सुटत नाही. आणि उसवायचीच असेल तर दर चार-पाच टाक्यांवर ब्लेड लावून खालचा दोरा ओढला की कापडाला इजा न होता ती निघते. धरून ठेवणारी आणि सांगितलं की सोडणारी अशी शिवण नसती, तर ही सगळी काटकसर जमली नसती.

पहिलं चालणारं मशीन साखळी टाक्याचंच होतं. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३०मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. पोटावर पाय येणार हे ओळखून पॅरिसच्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून मशीनं फोडली. पुढे अमेरिकेत १८४६मध्ये इलायस हाऊने दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट मिळवलं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. हाऊने सिंगरला कोर्टात खेचून हरवलं आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. तरी जगाच्या तोंडी बसलं ते सिंगरचंच नाव. त्यामागे अभियांत्रिकीइतकीच दुकानदारी होती. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६मध्ये मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे भरून घरी न्यायचं, शिवून कमवायचं आणि त्यातूनच हप्ता फेडायचा.

यंत्रांवर कडाडून टीका करणाऱ्या गांधीजींनी शिलाई मशीनचा आवर्जून अपवाद केला होता. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र बनवलं, अशी त्यांची समजूत होती. गांधीजींना कोणीतरी फारच गोड गोष्ट सांगितली असावी. खरा सिंगर नाटकांत काम करणारा, एकाच वेळी एकाहून अधिक संसार थाटणारा, वीसहून अधिक मुलांचा बाप होता, आणि त्याला पैसा हवा होता. पण अपवाद करण्यामागचा गांधीजींचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. हे मशीन एका माणसाच्या अंगबळावर, एका खोलीत, विजेशिवाय चालतं आणि चालवणाऱ्याच्या हाताचं काम काढून घेत नाही.

हिंदुस्थानात सिंगरचा कारभार १८७०च्या दशकापासून नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी उभा केला. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात ‘उषा’ काढलं. नंतर लुधियानात सुट्या भागांचे आणि मशीनचे कितीतरी कारखाने निघाले. देशी बनावटीची ही काळी मशीनं बहुतांशी सिंगरच्या १५ क्रमांकाच्या जुन्या नमुन्यावर बेतलेली आहेत. म्हणून वर सोनेरी अक्षरांत काहीही लिहिलेलं असो, सुई, बॉबिन आणि डबी एकमेकांच्या चालतात. आजीच्या मशीनचा भाग तालुक्याच्या बाजारात आजही मिळतो, तो याच कारणाने. घरातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

मशीन घरी आलं तरी शिवणं यायला वर्ग लागायचा. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण शिकवली, ती बाईला हाताला काम असावं म्हणून. पुढे गल्लोगल्ली शिवणक्लास निघाले. तिथे आधी कापड मिळत नाही. धावदोरा, हेम, काज, चुण्या यांचे नमुने वहीत लावायचे आणि तपकिरी कागदावर आकृत्या काढायच्या. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी, अशी सूत्रं पाठ करायची. शाळेत अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुली इथे छत्तीसचा बारावा भाग डोळे मिटून सांगतात. शिकवणाऱ्या बाईंचा खडा दम ठरलेला असतो: माप दोनदा घे, कात्री एकदाच चालव.

या वर्गाची खरी परीक्षा म्हणजे ब्लाउज. पूर्वीची गाठीची चोळी खणाच्या चौकोनी तुकड्यातून निघायची. तुकडे जवळजवळ सरळ कापलेले, चिंधी फारशी उरायची नाही, आणि पुढे गाठ मारायची असल्याने अंग सुटलं किंवा ओसरलं तरी चोळी सांभाळून घ्यायची. पुढे आलेलं पोलकं आणि आजचा कटोरी ब्लाउज अंगासरशी बसावा लागतो. कटोरीची गोलाई, बाहीचा मुंढा, गळ्याची उरेब पट्टी, यातलं एक बिनसलं की साडी कितीही भारी असो, सगळा थाट जातो. शर्ट, फ्रॉक, पंजाबी ड्रेस तयार कपड्यांच्या दुकानांनी कधीच पळवले. ब्लाउज मात्र अजून मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू रुबिया घेऊन शिवायलाच टाकतात, कारण एकाच छातीच्या दोन बायकांचे खांदे सारखे नसतात. माझ्या मते घरगुती शिवणकाम या एका वस्त्राने वाचवलं. गल्लीतल्या कितीतरी जणींचा संसार ‘येथे ब्लाउज, फॉल-पिको करून मिळेल’ या पाटीवर चालला.

लोकरीच्या विणकामाचं नशीब वेगळं. आपल्याकडची थंडी चार दिवसांची, त्यामुळे दोन सुयांवरचं सुलट-उलट बाळाची कुंची, टोपडं आणि हौसेचा एखादा स्वेटर यापुढे फारसं गेलं नाही. ती आवड होती, गरज नव्हती, आणि घरात बाळ जन्मलं की ही आवड अजून जागी होते.

घरी शिवलेलं स्वस्त पडतं, हे मात्र आता म्हणू नये. कापड, अस्तर, दोरा आणि हुक यांची बेरीज केली तर ऑनलाइन सेलमधला कुर्ता कमी पैशांत येतो. वेळेची किंमत तर कोणी धरतच नाही. तरी जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्या अनुदानावर शिलाई मशीन देत आल्या आहेत आणि अर्जांची रीघ थांबलेली नाही. २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळणाऱ्या कारागिरांत शिंपी आहेत. २०२०च्या टाळेबंदीत बचत गटांच्या बायकांनी मास्क शिवले ते याच मशीनांवर.

आणि जुन्याची दुरुस्ती बदलली असली तरी संपलेली नाही. शहरातल्या मोठ्या दुकानांबाहेर फुटपाथवर काळं पायमशीन घेऊन बसलेला कारागीर दिवसभर नवेकोरे कपडे उसवत असतो. तयार कपड्याला माप नसतं, आकडा असतो. तो आकडा अंगाला लावण्याचं काम त्याच्याकडे येतं. जीन्स आखूड करायची तर तो खालची फिकट, रापलेली किनार अलगद कापून ठेवतो, वरचं जास्तीचं कापड काढून टाकतो आणि तीच किनार परत जोडून देतो. सोळाची सुई, जाड दोरा, आणि चाक सुरुवातीला हाताने स्वतःकडे फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा तुटतो.