दोह्यापासून फातोर्ड्यापर्यंत

२०२२ च्या विश्वचषकाच्या आशियाई पात्रता फेरीतला ‘ई’ गट. कतारच्या नावापुढे आठ सामने, सात विजय, एक बरोबरी, पराभव नाही. अठरा गोल केले, एकच खाल्ला. बांगलादेश, अफगाणिस्तान, ओमान, सगळे त्यांच्यापुढे दोन्ही वेळा हरले. कतारचे दोन गुण कापले ते फक्त भारताने, १० सप्टेंबर २०१९ रोजी, दोह्यात, त्यांच्याच मैदानावर. ०-०. भारतीय फुटबॉलच्या गेल्या काही वर्षांबद्दल विचार करायला बसलो की मी या ०-० पासून सुरुवात करतो.

ग्वाल्हेरात राहून फुटबॉलवर जीव लावणाऱ्याला सोबत कमी मिळते. हे शहर हॉकीचं आणि क्रिकेटचं. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंह इथल्या संस्थानाच्या सैन्यात होते. त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक ठोकलं. लष्कर भागातल्या मराठी घरांत तो दिवस अजून सणासारखा आठवतात, आणि का आठवू नये? फुटबॉलसाठी मात्र मला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेकडे जावं लागतं. १९५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत देशभरातून मुलं शिकायला येतात. दोह्याच्या सामन्याबद्दल दुसऱ्या दिवशी मनसोक्त बोलता आलं ते तिथल्या पोरांशीच. बाकी ज्यांना सांगितलं त्यांनी विचारलं, “म्हणजे जिंकलो नाहीच ना?”

त्यांना काय सांगायचं? कतार तेव्हा आशियाचा विजेता होता. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला त्यांनी अंतिम सामन्यात जपानला ३-१ ने हरवलं होतं. आपल्याशी खेळण्याआधी पाचच दिवस त्यांनी अफगाणिस्तानवर सहा गोल चढवले होते. त्याच ५ सप्टेंबरला गुवाहाटीत आपण ओमानविरुद्ध ८२व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होतो आणि शेवटच्या काही मिनिटांत २-१ ने हरलो होतो. त्यात दोह्याला सुनील छेत्री तापाने आजारी. एवढी वर्षं ज्याच्या पायावर आपले गोल अवलंबून, तोच नाही.

गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूकडे कप्तानी आली. त्या रात्री तो जे खेळला ते भारतीय गोलकीपरकडून मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले. पण सगळं श्रेय गुरप्रीतला दिलं जातं तेव्हा मला बचावफळीतल्या चौघांची नावं घ्यावीशी वाटतात. मधोमध संदेश झिंगन आणि गोव्याचा आदिल खान, उजव्या बाजूला मुंबईचा राहुल भेके, डाव्या बाजूला म्हापशाचा मंदार राव देसाई. चौघांत एक मुंबईकर आणि दोन गोवेकर. मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं. भेके आणि मंदार यांच्या अंगावर कतारचे विंगर पुन्हा पुन्हा धावून येत होते. एकदा चुकलं तरी चाललं असतं, कुणी बोललं नसतं. पण ते चुकले नाहीत. आणि हा काही गोलपुढे नुसती गर्दी करून वाचवलेला सामना नव्हता. उत्तरार्धात सहल आणि उदांता चेंडू घेऊन पुढे गेले, उदांताचा एक फटका गोलच्या खांबाला लागला. तो दोन बोटं आत असता तर?

प्रशिक्षक इगोर स्टिमॅच १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाकडून खेळलेले. त्या रात्री वाटलं की हा माणूस या पोरांना कुठेतरी घेऊन जाणार.

पाच आठवड्यांनी, १५ ऑक्टोबरला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर बांगलादेश. साठ हजारांवर माणूस. झिंगन गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर. ४२व्या मिनिटाला साद उद्दीनने हेडरने गोल केला आणि स्टेडियम गप्प झालं. आदिलने उत्तरार्धात एक चेंडू गोलरेषेवरून काढला आणि ८८व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर उडी मारून चेंडू जाळ्यात घातला. १-१. मी घरात ओरडलो. पण दहा मिनिटांत आनंद ओसरला, कारण हे घर आपलं होतं आणि समोर कतार नव्हता. महिन्याभराने दुशान्बेला अफगाणिस्तानविरुद्ध पुन्हा तेच. पूर्वार्ध संपताना गोल खाल्ला आणि भरपाईच्या वेळेत सेमिनलेन डुंगेलने, पुन्हा ब्रँडनच्याच कॉर्नरवर, डोक्याने बरोबरी साधली.

गटाचा शेवट २०२१ च्या जूनमध्ये झाला, करोनामुळे उरलेले सगळे सामने दोह्यातच. आठ सामन्यांत आपला एक विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. सात गुण. तिसरा क्रमांक. आशिया चषकाची पुढची पात्रता फेरी गाठायला तेवढं पुरलं. सहा गोल झाले आणि सात खाल्ले. सात गोल खाणारी बचावफळी वाईट नाही, सहाच गोल करणारं आक्रमण मात्र कुठेच नेत नाही. दोह्याच्या रात्रीच्या कौतुकात हे तेव्हा कुणी मोठ्याने बोललं नाही.

आपल्या फुटबॉलच्या जुन्या वैभवातही एक बरोबरी आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने फ्रान्सला १-१ वर रोखलं होतं. पण तिथे प्रदीपकुमार बॅनर्जींनी आधी गोल केला होता आणि शेवटच्या दहा मिनिटांत फ्रान्सला बरोबरीसाठी धावावं लागलं होतं. म्हणजे आपण पुढे होतो. २०१९ च्या दोन्ही १-१ मध्ये आपण मागून आलो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

२०१९ नंतर चांगलंही झालं. २०२२ च्या जूनमध्ये कोलकात्यात तिन्ही सामने जिंकून आपण आशिया चषकाला पात्र ठरलो. ४ जुलै २०२३ ला बंगळुरूत सॅफ स्पर्धेचा अंतिम सामना कुवेतविरुद्ध १-१ राहिला आणि पेनल्टीत गुरप्रीतने शेवटचा फटका अडवून चषक आणला. पण २०२४ च्या जानेवारीत आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिघांशी हरलो आणि तीन सामन्यांत एकही गोल झाला नाही.

मग ६ जून २०२४. सॉल्ट लेक, कुवेत, विश्वचषक पात्रता फेरीतला छेत्रीचा निरोपाचा सामना. ०-०. त्या रात्री सगळ्यांचं लक्ष छेत्रीच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे होतं, माझंही होतं. पण तक्ता बघा. गटात शेवटी कुवेतचे सात गुण आणि आपले पाच. त्या दिवशी एक गोल झाला असता तर आपले सात आणि त्यांचे सहा झाले असते. पाचच दिवसांनी दोह्यात कतारने रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून गोल केला, तो अन्याय होताच, मी त्यावर अजून चिडतो. पण विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी आपल्या हातून कोलकात्यात गेली होती. एकच निकाल, ०-०, पाच वर्षांपूर्वी छाती फुगवणारा आणि इथे दार बंद करणारा.

त्यानंतर छेत्रीला परत बोलवावं लागलं. चाळिशीतल्या माणसाला हाक मारावी लागते याचा अर्थ त्याच्या मागे कुणी उभं केलेलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये आशिया चषकाच्या पात्रता फेरीत शिलाँगला बांगलादेशशी पुन्हा ०-०. ऑक्टोबरमध्ये सिंगापुरात मात्र जुनं काहीतरी परत आलं. झिंगनला लाल कार्ड, दहा जण मैदानावर, एका गोलने मागे, आणि ९०व्या मिनिटाला रहीम अलीचा गोल. १-१. पाच दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला तेच सिंगापूर. छांगटेने १४व्या मिनिटाला आघाडी दिली. १९६० सारखं जे मी मागत होतो ते मिळालं होतं, आपण पुढे होतो. सामना १-२ ने हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाचा रस्ता बंद झाला.

लक्ष्मीबाई संस्थेतल्या पोरांशी बोलताना आता मी बचावाबद्दल विचारत नाही. राज्याच्या स्पर्धांत, शाळांच्या स्पर्धांत नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या, जागी कोण खेळतंय, त्याला आठवड्यात किती सामने मिळतात, गोलसमोर तो पहिल्या स्पर्शात फटका मारतो की चेंडू थांबवतो, एवढंच विचारतो.