रुजू कधी होणार?

मे २०१८. डॅलसजवळचं अर्विंग. सकाळचे नऊ वाजत आलेत आणि ऊन आत्ताच चटके देतंय. भाचा पळून येतो. पाठीवरची पिशवी दाराशी उतरवतो. आत तांदळाच्या दोन गोण्या. एवढं वजन घेऊन तो रोज तीन मैल पळतो.

तोंड धुऊन तो वही उघडतो आणि भरतीच्या सार्जंटला फोन लावतो. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. बोलणं मिनिटभराचंच. तो तारीख लिहितो, पुढे उत्तर: 'तपासणी चालू आहे.' आख्खं पान याच उत्तरानं भरलंय.

फेब्रुवारी २०१६ मध्ये उजवा हात वर करून त्यानं अमेरिकी लष्कराची शपथ घेतली. भरती झाली ती 'मावनी'तून; ही २००८ साली जाहीर झालेली योजना. लष्कराला हवी ती भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी तरुणांना फौजेत घ्यायचं आणि लवकर नागरिकत्व द्यायचं. दहा हजारांवर जण असे भरती झाले. हा हिंदीच्या तोंडी परीक्षेवर निवडला गेला. ३० सप्टेंबर २०१६ ला संरक्षण खात्यानं तपासण्या वाढवल्या. ज्यांनी आधीच सह्या केल्या होत्या, त्यांनाही त्या लागू झाल्या. आता देशभरात पार्श्वभूमी-तपासणीची सात लाखांवर प्रकरणं तुंबलीत.

मधल्या काळात त्याचा विद्यार्थी व्हिसा संपला. नोकरी करता येत नाही. लायसन्सची मुदतही संपली, म्हणून त्याला कुठं जायचं असलं की गाडी मी काढते. वैद्यकीय तपासणी जुनी झाली म्हणून पुन्हा करून घेतली.

टेबलावर पार्श्वभूमी-तपासणीच्या फॉर्मची प्रत पडलीय. परदेशी सैन्याशी संबंधित नातेवाईक? त्यानं लिहिलंय: वडील, निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री.

"मुलाखतीत बाबांच्या पेन्शनबद्दलच किती वेळ विचारत होते, मावशी."

"मग?"

"सगळं सांगितलं. त्याला सहा महिने झाले. त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही."

मला हेच सलतं. तपासा, कसून तपासा. ज्याच्या हाती बंदूक द्यायची त्याला पारखायलाच हवं. शंका असेल तर त्याला समोर बसवून विचारा, नसेल तर घ्या, नको असेल तर तसं सांगा. शपथ घ्यायला लावून माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवायचं, ही पारख नव्हे.

फोन वाजतो. साताऱ्याहून दाजी. तिकडं संध्याकाळ झालीय.

"रुजू कधी होणार?"

"कागद चालू आहेत, बाबा." बोलताना तो खुर्चीतून उठून उभा राहिलाय.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग दाजी विचारतात, "पळणं चालू आहे ना?"

"रोज."

"सोडू नकोस."

फोन ठेवून तो दाराशी जातो. पिशवीचा एक पट्टा उसवलाय. सुईदोरा मागून घेतो आणि तिथंच जमिनीवर बसून शिवायला लागतो.