घरचें इंटरनेट मधूनमधून कां तुटतें?

यंत्रांतील दोष दोन प्रकारचे असतात. एक कायमचा व दुसरा येऊन-जाऊन असणारा. घड्याळ अगदींच बंद पडलें तर घड्याळजी त्याचें कारण तेव्हांच शोधून काढतो. परंतु जें घड्याळ दिवसांतून एकदां दहा मिनिटें थांबतें आणि दुकानांत नेतांच बिनचूक चालूं लागतें, तें त्यालाही जेरीस आणतें. घरच्या संगणकावरील इंटरनेटची तक्रार बहुधा ह्या दुसऱ्या प्रकारची असते. कंपनीचा माणूस पाहावयास येतो तेव्हां सर्व कांहीं ठीक असतें. तो जिना उतरून गेला कीं जोडणी पुन्हा तुटते.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या व वर्ग घराघरांतील पडद्यांवर भरूं लागले, तेव्हां त्याचें महत्त्व सर्वांस कळून आलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावतींत पुन्हा टाळेबंदी झाली, त्या वेळींही तोच अनुभव आला. गणिताची रीत अर्ध्यावर आली असतां शिक्षकांचा आवाज तुटे, आणि जोडणी परत येईपर्यंत फळ्यावर पुढचें उदाहरण आलेलें असे. हजेरींत मुलाच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली जाई. बाप म्हणे, मुलानेंच मुद्दाम बंद केलें. मुलगा म्हणे, दोष कंपनीचा. आणि कंपनी म्हणे, दोष तुमच्या राउटरचा. खरें कोणाचें, हें ठरविण्याचें साधन मात्र कोणाजवळच नव्हतें. शाळा पुन्हा पूर्ववत् भरूं लागल्या, तरी आजही प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज आणि कित्येक परीक्षांचीं प्रवेशपत्रें ह्याच जोडणीवर अवलंबून आहेत. म्हणून हें साधन प्रत्येक घरीं असावें अशी आमची इच्छा आहे. त्यास पैसा लागत नाहीं. थोडें ज्ञान व थोडा धीर लागतो.

प्रथम इंटरनेटवरून मजकूर कसा जातो तें पाहूं. एखादें लांबलचक पत्र एकाच पाकिटांत न घालतां त्याचें एकेक पान वेगळ्या पाकिटांत घालावें, प्रत्येक पाकिटावर पत्ता व पानाचा क्रमांक लिहावा, आणि घेणाऱ्यानें तीं पानें क्रमानें लावून पत्र वाचावें, तसाच हा प्रकार आहे. ह्या लहान पाकिटांस पॅकेट असें म्हणतात. वाटेंत एखादें गहाळ झालें तर तें पुन्हा पाठविलें जातें. ही योजना व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं लेखरूपानें मांडली, आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेंतील अर्पानेट ह्या जाळ्यावर ती लागू झाली. आपल्या देशांत सामान्य जनतेस इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें.

ह्यावरून एका नित्याच्या कोड्याचा उलगडा होतो. निरोप किंवा चित्र ह्यांचें एखादें पॅकेट चार क्षण उशिरा आलें तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु बोलणाऱ्याच्या आवाजाचा तुकडा उशिरा येऊन उपयोग काय? म्हणून बोलण्याच्या कामीं हरवलेलें पॅकेट बहुधा परत न मागवितां सोडून देतात. यामुळें व्हॉट्सॲपवरील निरोप सुखरूप पोंचत असतात आणि त्याच घटकेस वर्गांतील आवाज तुटत असतो. तेव्हां, "निरोप तर येत आहेत, मग जोडणी ठीकच असली पाहिजे," हें अनुमान बरोबर नव्हे.

आतां पॅकेटच्या वाटेचे तीन टप्पे मनांत ठेवावे. पहिला, संगणकापासून घरांतील राउटरपर्यंत. दुसरा, राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत. तिसरा, त्या केंद्रापासून बाहेरच्या जगापर्यंत. ओलिताचें पाणी वाफ्यांत पोंचलें नाहीं तर शाहणा कास्तकार एकदम नवी मोटर विकत आणीत नाहीं. तो आधीं पाट कोठें फुटला तें पाहतो, आणि मग विहिरीवर जातो. येथेंही तसेंच करावें. कोणत्या टप्प्यांत खंड पडतो हें ठरल्यावांचून उपाय करूं नये.

हें ठरविण्यास पिंग नांवाचें एक साधें साधन प्रत्येक संगणकांत असतें. माइक म्यूस ह्या अमेरिकन गृहस्थांनीं तें डिसेंबर १९८३ मध्यें तयार केलें. पाण्याखालीं ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्यांनीं हें नांव ठेविलें. आणि त्याचें कामही तसेंच आहे. एक लहान पॅकेट पाठवावें व त्याचें उत्तर किती वेळानें आलें तें मोजावें, एवढेंच तें करतें. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट ही काळी चौकट उघडून तींत इंग्रजी अक्षरांनीं पिंग हा शब्द लिहावा, एक जागा सोडून राउटरचा पत्ता घालावा, आणि पुन्हा एक जागा सोडून वजाचें चिन्ह व त्यास लागून टी हें अक्षर लिहावें. राउटरचा पत्ता बहुधा त्याच्या पाठीवर छापलेला असतो. पुष्कळ घरीं तो १९२.१६८.१.१ असा असतो. अशीच दुसरी चौकट उघडून तींत राउटरऐवजीं गूगल कंपनीनें सर्वांसाठीं खुला ठेवलेला ८.८.८.८ हा पत्ता घालावा. दोन्ही चौकटी चालू ठेवाव्या आणि जोडणी तुटण्याची वाट पाहावी. थांबवावयाचें झाल्यास कंट्रोल व सी ह्या कळा एकत्र दाबाव्या.

जोडणी तुटतांच दोन्ही चौकटींकडे पाहावें. राउटरचेंच उत्तर बंद झालें असेल तर दोष घरांत, म्हणजे पहिल्या टप्प्यांत किंवा खुद्द राउटरांत आहे. राउटर उत्तर देत आहे, पण बाहेरचा पत्ता देत नाहीं, तर दोष पुढच्या टप्प्यांत आहे. दोन्ही उत्तरें येत आहेत आणि तरीही संकेतस्थळ उघडत नाहीं, तर नांवावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेंत किंवा त्या संकेतस्थळांतच दोष असण्याचा संभव आहे. ह्या एका परीक्षेनें अर्धा वाद मिटतो.

पहिल्या टप्प्यांतील दोष बहुधा हवेंतून जाणाऱ्या वायफायचा असतो. राउटर व संगणक ह्यांना एका तारेनें जोडून पाहावें. जोडणी तुटणें थांबलें तर तार निर्दोष व हवा दोषी, असें समजावें. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतच मायक्रोवेव्ह भट्टी, ब्लूटूथ व शेजाऱ्यांचे राउटर ह्यांची गर्दी असते. त्या पट्ट्यांतील १, ६ व ११ ह्या तीनच वाटा एकमेकींवर न चढतां चालतात. म्हणून राउटरला त्यांपैकीं कमी गर्दीची वाट द्यावी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, परंतु त्याच्या लहरी भिंतींतून फारशा जात नाहींत. जुन्या घरांच्या जाड भिंती, लोखंडी कपाट आणि उन्हाळ्यांत खिडकींत बसणारा पत्र्याचा, पाण्यानें भरलेला कूलर हे सर्व लहरींचे वैरी आहेत. ह्याखेरीज, वीज वांचविण्यासाठीं कित्येक संगणक आपलें वायफायचें अंग मधूनच निजवितात. संगणकाच्या यंत्रसूचींत वायफायच्या नांवाखालीं ही परवानगी दिलेली असते. ती काढून टाकावी.

आतां खुद्द राउटरकडे वळूं; कारण आमच्या वऱ्हाडांत सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें येथेंच. घरगुती राउटर बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत काम करण्यासाठीं बनविलेले असतात. अकोल्याचा व अमरावतीचा पारा मे महिन्यांत सावलींतही ४५ अंशांच्या आसपास जातो, हें आपण सर्व जाणतों. अशा दिवसांत टिनाच्या छपराखालीं, कपाटाच्या माथ्यावर, इन्व्हर्टरच्या शेजारीं ठेवलेल्या राउटरची काय अवस्था होत असेल? उष्णतेनें त्याचें काम अडखळतें, तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि थंड झाला कीं शहाण्यासारखा वागूं लागतो. उष्णतेमुळें त्याला वीज पुरविणारा लहान अडॅप्टरही हळूहळू दुबळा होतो. विजेचा दाब हें दुसरें कारण. विहिरीवरील किंवा टाकीचा पंप सुरू होतांच दाब क्षणभर उतरतो. दिवा नुसता मंद होतो, पण राउटर विझून पुन्हा पेटतो व पूर्ववत् होण्यास एक-दोन मिनिटें घेतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या निमिषांतही हेंच घडतें. राउटरवरील सर्व दिवे एकदम विझून क्रमानें लागत असतील तर कारण विजेंत आहे असें जाणावें. ह्यावर राउटरपुरती लहान बॅटरी मिळते, ती पुरेशी होते.

दुसऱ्या टप्प्यांत तांब्याची तार असेल तर पावसाळा हा तिचा शत्रु होय. सांध्यांत पाणी शिरलें कीं दूरध्वनींत खरखर ऐकूं येते व जोडणी तुटूं लागते. दूरध्वनीची घंटी वाजतांच जोडणी जात असेल, तर दोन्हींचे मार्ग वेगळे करणारी लहान डबी नाहीं किंवा ती बिघडली आहे. आतां पुष्कळ घरीं कांचेची तार, म्हणजे फायबर, आली आहे. तींतून प्रकाश जातो, म्हणून पावसाचें भय कमी. परंतु ती फार वांकली कीं प्रकाश बाहेर निसटतो. दारांत किंवा खिडकींत चेपलेली, खिळ्याला करकचून गुंडाळलेली, किंवा खांबावर वानरांनीं हेलकावे दिलेली तार असाच त्रास देते. फायबरच्या यंत्रावर तांबडा दिवा लागला तर प्रकाश येत नाहीं असें समजून कंपनीस कळवावें. मुलांनो, अशा तारेच्या तोंडाशीं डोळा कधींही नेऊं नका; त्या प्रकाशाचा बराच भाग डोळ्यांस दिसत नाहीं, पण तो अपाय करूं शकतो.

तिसरा टप्पा आपल्या हातीं मुळींच नाहीं. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्त देशांतील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळींच्या तारा तुटल्या, आणि त्यामुळें भारतांतील इंटरनेट मंदावलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें अमरावती शहरांत दंगलीनंतर शासनाच्या आज्ञेनें इंटरनेट कांहीं दिवस बंद होतें. अशा वेळीं राउटर उघडून बसणें व्यर्थ होय.

हें सर्व जाणूनही येऊन-जाऊन असणारा दोष सांपडत नाहीं, तो एकाच कारणानें: आपण नोंद ठेवीत नाहीं. एक वही करावी. जोडणी तुटली ती तारीख, वेळ, किती मिनिटें, दोन्ही चौकटींत काय दिसलें, दिवे कसे होते, ऊन-पाऊस कसा होता, व घरांत काय चालू होतें, एवढें लिहावें. आमच्या माहितींतील अमरावतीच्या एका घरीं दररोज तक्रार असे. त्यांनीं अधिक पैशांची योजना घेतली, नवा राउटरही आणला, तरी गुण येईना. शेवटीं घरांतील नववींतल्या मुलीनें आठ दिवस वही ठेविली. तींत असें दिसलें कीं, जोडणी तुटते ती दुपारीं एक ते चारच्या दरम्यान. पहांटे कधींच नाहीं. आणि एके दिवशीं आभाळ आलें होतें, त्या दिवशीं एकदांही नाहीं. राउटर टिनाखालच्या फळीवर होता. तो खालच्या, वारा खेळत्या जागीं ठेवतांच तुटणें थांबलें. परंतु ती मुलगी येथेंच थांबली नाहीं. तिनें राउटर एक दिवस पुन्हा वरच्या फळीवर ठेविला. दोष परत आला. तेव्हां कोठें तिनें कारण सिद्ध झालें असें मानलें. आमच्या मतें ह्या शेवटच्या पायरीस सर्वांत अधिक मोल आहे. उपाय केल्यावर दोष गेला म्हणजे उपाय खरा, असें नेहमींच नसतें. दोष आपोआपही गेलेला असूं शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. राउटर हलविला, वाट बदलली आणि तारही बदलली, मग जोडणी सुधारली, तर कशानें सुधारली हें तुम्हांस कधींच कळणार नाहीं, आणि पुढील वेळीं पुन्हा अंधारांत चांचपडावें लागेल.

पालकांस विनंति एवढीच कीं, मुलास रागें भरण्यापूर्वीं व नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं आठ दिवस ही वही ठेवूं द्यावी. दोष बाहेरचा निघाल्यास कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक मागून घ्यावा व तो वहींत लिहावा. तेथें दाद न लागल्यास २०१२ च्या नियमांप्रमाणें त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. "केव्हां केव्हां बंद पडतें हो," असें म्हणणाऱ्यास कोणीही परत पाठवितो. तारीख, वेळ व दोन्ही चौकटींतील आकडे पुढें ठेवणाऱ्यास तसें परत पाठविणें सोपें नसतें. आणि खोटी सबब सांगणारा मुलगा व खरोखर अडलेला मुलगा ह्यांतील भेदही ती वहीच दाखवील. जो खरा अडला असेल, त्याच्यावर गैरहजेरीचा डाग राहूं नये, इतकें तरी आपण सर्वांनीं पाहिलें पाहिजे.